अनुरेखक

एकतीस वर्षं सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत
मी दुसऱ्यांच्या रेषांवरून गेले.
पद : अनुरेखक.
ट्रेसिंग पेपर ताणायचा, चारी कोपऱ्यांना टेप,
खालून जी रेषा दिसेल तीच वर काढायची,
केसाइतकंही इकडेतिकडे नाही.
कालवे, वितरिका, सांडवे.
ज्या गावांना कधी गेले नाही
त्यांच्या शिवारात निळ्या शाईचं पाणी
मी नेऊन पोचवलं.
नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चार चौकटी :
आरेखन, अनुरेखन, तपासणी, मंजुरी.
दुसरीत दोन अक्षरं, र. ग.
तेवढीच मी.

चूक झाली की अर्ध्या ब्लेडने खरवडायची,
श्वास रोखून. कागद झिजावा, फाटू नये.
उईके मॅडम म्हणायच्या,
"रत्नप्रभा, तुझं खरवडलेलं देवालाही दिसत नाही."
मला ते कौतुक वाटायचं.

एकदा बुडीत क्षेत्राची शीट आली.
तुटक रेषेच्या आत सात गावं,
त्यातलं एक मावशीचं.
हात हलला नाही.
हात न हलणं हीच तर नोकरी होती.

निवृत्तीला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
आठवड्याने बर्डीवर गेले ब्लाउजच्या अस्तराला
आणि परत आले रंग घेऊन.
सहा ट्यूबा, एक चपटा ब्रश.
दुकानदार म्हणाला, "नातवाला?"
मी हो म्हटलं.
खोट्यापासून सुरुवात झाली, हे सांगून ठेवते.

चार महिने कॅलेंडरं उतरवली.
बर्फाचे डोंगर, होडी, राजहंस. हुबेहूब.
धाकटे दीर म्हणाले, "वा वहिनी, फोटोच!"
तो शब्द रात्रभर
भातातल्या खड्यासारखा दाढेखाली.

मग मे लागला.
पर्समध्ये कांदा ठेवूनही बाहेर पडवेना.
कूलरच्या मागच्या भिंतीला ओल आलेली.
दरवर्षी येते,
दरवर्षी दिवाळीला आम्ही तिच्यावर चुना मारतो.
या खेपेला मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले.
हिरवट. कडेला मिठासारखी पांढरी.
मध्ये कुठेतरी जांभळा,
की तो माझ्याच डोळ्यांतला?

ब्रश टेकवला आणि हात थांबला.
खालून रेषा येईल म्हणून
बराच वेळ वाट पाहत राहिला बिचारा.

खिडकीतून शीला : "काय करून राहिल्या, ताई?"
"ओल काढून राहिली."
"मंग पुट्टी लावा ना बाप्पा! चित्र कायले काढता तिचं?"

रंगात पाणी जास्त झालं, हिरवा ओघळला,
आणि हात आपोआप ड्रॉवरकडे.
होतं ते तिथेच, अर्धं ब्लेड,
कचेरीतून आणलेलं, कागदात गुंडाळलेलं.
मी त्याने पेन्सिलीला टोक केलं.

तेव्हापासून रोज पहाटे, नळ यायच्या आधी, एक कागद.
बहुतेक वाया जातात.
काही नुसते चिखल,
एकदा तर रागाने पांढराच संपवला सगळा.
सुंदर म्हणावं असं एकही नाही.
पण कडा आता थरथरते माझी,
जिथे थरथरायला हवी होती तिथे,
आणि मी ती थरथरू देते.
काल कोपऱ्यात सवयीने चौकट आखली गेली.
तिच्यातूनही पाणी नेलं.

शीला वाटीभर सांडगे द्यायला आली,
दारातच थबकली.
"हे काय ताई, पाणी?"
"हो."
"कुठलं?"
"मोहटोल्याचं," मी म्हटलं.
मावशीच्या गावाचं नाव.
जरा मोठ्यानेच निघालं तोंडातून.
कूलर बंद होता, त्यामुळे असेल.